वाफेवरची सॉ मिल आणि तिच्याभोवती वाढलेलं गाव : सिअ‍ॅटल, १८५३

पाऊसवेडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. माझं ऑफिस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटलच्या पायोनियर स्क्वेअरपासून चार पावलांवर आहे आणि रोज जेवण झालं की मी यस्लर वे नावाच्या रस्त्याने खाली पाण्यापर्यंत चालत जातो. सहा वर्षं झाली. या रस्त्याच्या दक्षिणेचे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण आहेत, आणि यस्लर वे ओलांडला की तेच रस्ते एकदम डावीकडे मोडून तिरके जातात, म्हणजे दोन वेगवेगळ्या कापडांचे तुकडे मधे शिवण घालून जोडावेत ना तसं. मागच्या वर्षी मनात आलं की ही शिवण बरोब्बर इथेच का, आणि शोधत गेलो तर मुळाशी निघाली एक सॉ मिल, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी. वाफेवर चालणारी. प्युजेट साउंड नावाची जी मोठी खाडी आहे तिच्या किनाऱ्यावरची पहिली वाफेची सॉ मिल.

१८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि सॅन फ्रान्सिस्को हे हजारभर वस्तीचं गाव १८४९ च्या शेवटी पंचवीस हजारांच्या घरात गेलं. घरं सगळी लाकडाची आणि तंबूच्या कापडाची, त्यामुळे डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या दीड वर्षात गावाला सहा मोठ्या आगी लागल्या. प्रत्येक आगीनंतर पुन्हा तेवढंच लाकूड हवं, आणि ते येणार कुठून तर समुद्रमार्गे उत्तरेकडून.

१३ नोव्हेंबर १८५१ ला डेनी कुटुंब आणि बरोबरची मंडळी 'एक्झॅक्ट' नावाच्या जहाजातून इथल्या अल्काय किनाऱ्यावर उतरली, भर पावसात, बायका-मुलं तान्ह्या बाळांसकट. महिनाभरात 'लिओनेसा' नावाचं जहाज धक्क्यांसाठी लागणारे लाकडी खांब मागत तिथे आलं आणि मंडळींनी कुऱ्हाडीने झाडं पाडून ते भरून दिलं. पहिली कमाई ती. पुढच्या वर्षी ते सगळे खाडीच्या पूर्वेच्या बाजूला सरकले कारण तिथे पाणी खोल होतं, जहाज अगदी जवळ यायचं.

आणि ऑक्टोबर १८५२ मध्ये हेन्री यस्लर आला. जन्म १८१० चा, मेरीलँडचा, सुतारकाम आणि गिरणीचं काम शिकलेला, ओहायोतल्या मॅसिलन गावात बरीच वर्षं काढलेला. त्याला सॉ मिल टाकायची होती आणि तो जागा बघत फिरत होता. ती दुसऱ्या कुठल्या वस्तीला जाऊ नये म्हणून वस्तीतल्या कार्सन बोरेन आणि डॉक्टर मेनार्ड या दोघांनी आपापल्या जमिनीच्या हद्दी मागे घेतल्या आणि मधली एक चिंचोळी पट्टी त्याला दिली, खाली समुद्राला टेकणारी आणि वर टेकडीवरच्या जंगलापर्यंत जाणारी. ती पट्टी म्हणजे आजचा यस्लर वे. मार्च १८५३ च्या अखेरीला गिरणी सुरू झाली आणि २३ मे १८५३ ला गावाचे पहिले नकाशे नोंदवले गेले, उत्तरेचा डेनी आणि बोरेनने किनाऱ्याच्या रेषेला धरून आखलेला, दक्षिणेचा मेनार्डने होकायंत्राला धरून. दोघांचे रस्ते जुळेनात ते आजपर्यंत जुळलेले नाहीत, आणि त्यांच्या मधे गिरणीची पट्टी.

मला राहून राहून वाटतं की गिरणी आधी आणि गाव नंतर असंच हे झालंय. तुमच्यापैकी कुणाला सॉ मिल, वखारी, बॉयलर यातलं कळत असेल तर लिहा ना, मला यंत्राचं काही कळत नाही.

वखारीतलं पोर

वा, माझ्या आवडीचा विषय काढलास. आमची चंद्रपूरकडे लाकडाची वखार होती, आजोबांच्या वेळची. मी लहानपणी उभी करवत चालताना बघितलीये म्हणून सांगतो की यंत्र नसताना फळी पाडणं म्हणजे काय असतं. ओंडका उंच घोड्यावर चढवायचा नाहीतर खाली खड्डा खणायचा, दोरी काजळीत बुडवून ओंडक्यावर सूत मारायचं, मग एक जण वर उभा आणि एक जण खाली. वरचा सूत सांभाळतो, खालच्याच्या डोळ्यात नाकात भुसा. दोघांचा श्वास एका लयीत लागला तरच करवत सरळ चालते, नाहीतर फळी एका टोकाला जाड एका टोकाला पातळ. दिवसभर ओढून चार-दोन फळ्या पडल्या की संध्याकाळी खांदे उचलायचे नाहीत. आजोबा म्हणायचे वरचा माणूस वयाने मोठा असतो कारण चुकलं तर लाकूड त्याच्यामुळे जातं.

अमेरिकेत पण हेच होतं, खड्ड्यावरची दोन माणसांची करवत. आता ज्या किनाऱ्यावर साठ-साठ मीटर उंच डग्लस फर (देवदारासारखी सूचिपर्णी झाडं) उभे आहेत, बुंधा दोन माणसांच्या उंचीएवढा रुंद असेल तर खड्ड्यावर दोन माणसं काय करणार? झाड पाडणं एक वेळ जमेल, ते चिरायचं कसं?

अबोली

किती सुंदर लेख! एक प्रश्न, वाफेच्या आधी पाण्यावर चालणाऱ्या सॉ मिल होत्या ना? मग वाफच कशाला, तिथे तर पाऊस भरपूर.

वाफकाका

अबोलीताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी साखर कारखान्यात बॉयलरवर एकतीस वर्षं काढली, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पाण्यावरच्या गिरण्या होत्याच. हडसन्स बे कंपनीची (कातड्यांचा व्यापार करणारी इंग्रज कंपनी) फोर्ट व्हँकुव्हरजवळची गिरणी १८२० च्या दशकातली आहे. खाडीच्या दक्षिण टोकाला टमवॉटर म्हणून जागा आहे, तिथे डेशूट्स नदीचा धबधबा आहे, तिथे १८४० च्या दशकाच्या शेवटी पाण्याची सॉ मिल बसली. पण पाण्याच्या गिरणीची जागा धबधबा ठरवतो, मालक नाही. पाऊस कितीही पडो, उंचावरून जोरात पडणारं पाणी पाहिजे, आणि तो धबधबा बंदरापाशी असेल असं नाही. मग चिरलेलं लाकूड जहाजापर्यंत वाहून न्यायचं आलं.

वाफेने हा हिशोबच उलटा केला. इंजिन तुम्ही कुठेही बसवा. तेव्हा यस्लरने गिरणी तिथे बसवली जिथे जहाज उभं राहतं. वरून ओंडका उतारावरून येतो, खाली फळी होते, फळी थेट जहाजात. सगळी मेहनत उताराच्या दिशेने. मला तर ती चिंचोळी पट्टी वाचल्यावर लगेच कळलं की त्या माणसाने जमीन मागितली नव्हती, उतार मागितला होता.

दुसरी गोष्ट जळणाची. आपल्याकडे गुऱ्हाळात चुलाणाला उसाचीच चिपाडं घालतात, कारखान्यात बॉयलरला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा घालतात, बाहेरून जळण आणावं लागत नाही. सॉ मिलचं तेच. ओंडका चौकोनी करताना कडेचे ढलपे निघतात, भुसा निघतो, तेच बॉयलरखाली. कोळसा नको, काही नको. जंगल हाच कच्चा माल आणि जंगल हेच जळण. वाफ पिस्टन ढकलते, पिस्टन मोठं चाक फिरवतो, चाकावरून पट्टा करवतीच्या दांड्याला. ओंडका एका गाड्यावर आवळून बांधलेला असतो, तो गाडा रुळावरून करवतीच्या तोंडात जातो, फळी पडली की मागे येतो, एक पट्टी सरकवायची, पुन्हा पुढे.

पाणी मात्र गोडं लागतं. समुद्राचं खारं पाणी बॉयलरमध्ये घातलं तर आत क्षाराचा थर बसतो, पत्रा तापून लाल होतो आणि मग काय होतं ते मी एकदा जवळून बघितलंय, त्यावर आज लिहीत नाही. यस्लरने टेकडीवरच्या झऱ्यांचं पाणी लाकडी पन्हळीतून गिरणीपर्यंत आणलं होतं. गावालाही त्या पन्हळीचं पाणी मिळायचं.

पाऊसवेडा

काका __/\__ "जमीन मागितली नव्हती, उतार मागितला होता" हे वाक्य मी आता विसरणार नाही. सहा वर्षं तो उतार रोज उतरतोय आणि मला सुचलं नाही.

उतारावरून ओंडके कसे आणायचे ते पण वाचलं. रस्त्यावर आडवे लाकडी दांडे पुरायचे, ठराविक अंतरावर, रेल्वेचे स्लीपर असतात तसे, त्यावर मुशी जातीच्या लहान माशाचं तेल फासायचं आणि बैलजोड्या एकामागे एक जुंपून ओंडके घसरवत आणायचे. तेल फासायला पोरगं असायचं. अशा वाटेला स्किड रोड म्हणतात. पुढे शहरातल्या हलाखीच्या वस्तीला अमेरिकेत स्किड रो म्हणायला लागले, आणि इथले लोक अभिमानाने सांगतात की तो शब्द आमच्या यस्लर वे वरून आला. ते तितकं पक्कं नाही, कारण लाकूडतोडे सगळीकडेच अशा वाटांना स्किड रोड म्हणायचे आणि बऱ्याच गावांचा तो दावा आहे. पण यस्लर वे तशी वाट होती हे नक्की. गावात तिचं पहिलं नाव मिल स्ट्रीट.

वखारीतलं पोर

बैलांचं वाचून बरं वाटलं. नेहमी इंजिनाचं कौतुक होतं आणि बैल राहून जातो. आल्लापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके बैल आणि रेडेच ओढायचे. अमेरिकेतसुद्धा जंगलातून ओंडका ओढणारं वाफेचं इंजिन जॉन डॉलबीअरने कॅलिफोर्नियात १८८१ च्या सुमाराला केलं, म्हणजे यस्लरची गिरणी सुरू झाल्यावर जवळपास तीस वर्षांनी. झाड पाडायला पण १८५० च्या दशकात कुऱ्हाडच. बुंध्याला जमिनीपासून वर खाच पाडून त्यात फळी खोचायची आणि दोघं जण दोन बाजूंच्या फळ्यांवर उभे राहून घाव घालायचे, कारण मुळापाशी बुंधा फार रुंद असतो आणि तिथे डिंक भरलेला असतो. तेव्हा वाफ फक्त शेवटच्या शंभर फुटांत होती, बाकी सगळं हाडामासांचं.

पानगळ

उशिरा येतेय धाग्यावर. सगळ्यांनी छान लिहिलंय पण मला एक गोष्ट खटकतेय आणि ती मी स्पष्टच बोलते. "दोघांनी आपापल्या जमिनीच्या हद्दी मागे घेतल्या" असं पाऊसवेडा लिहितो. त्यांच्या जमिनी कधी झाल्या त्या? तिथे ड्यूवामिश लोक राहत होते, शतकानुशतकं. गाव ज्यांच्या नावाचं आहे तो सिअ‍ॅटल, त्यांच्या उच्चारात सिआल, तो त्यांचाच म्होरक्या. अमेरिकेच्या सरकारने १८५० च्या कायद्याने गोऱ्या वसाहतवाल्यांना ओरेगनकडची जमीन (हा भाग तेव्हा त्यातच होता) फुकट वाटली तेव्हा मूळ लोकांशी करार सुद्धा झालेला नव्हता. पॉइंट एलियटचा करार झाला २२ जानेवारी १८५५ ला. गिरणी सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. म्हणजे ज्या जमिनीवर बॉयलर पेटला ती जमीन कागदोपत्रीसुद्धा त्यांची नव्हती.

आणि काम कोणी केलं? गावात गोरी माणसं मूठभर. गिरणीत, ओंडके वळवायला, जहाज भरायला ड्यूवामिश आणि आजूबाजूचे लोक होते. यस्लरकडे ते पगारावर कामाला होते हे त्याच्या काळच्या लोकांनी नोंदवलंय. तरी शाळेतल्या धड्यात गिरणी "यस्लरने चालवली".

पाऊसवेडा

पानगळ, बरोबर बोललीस. मी तो शब्द निष्काळजीपणे वापरला. "ताबा सांगितलेल्या जमिनी" असं म्हणायला हवं होतं. वर मजकूर बदलत नाही, नाहीतर तुझ्या प्रतिसादाचा संदर्भ जाईल.

याला जोडून जे कळलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर धागा अर्धा राहील. २६ जानेवारी १८५६ ला गावावर हल्ला झाला, करारावर चिडलेल्या टोळ्यांचा, एक दिवस लढाई चालली, बंदरात 'डिकेटर' नावाची अमेरिकन युद्धनौका होती तिच्या तोफांनी जंगलावर मारा केला. त्याच काळात ड्यूवामिश लोक गिरणीत कामही करत होते आणि त्यातल्या काहींनी गावाला आधी सावधही केलं होतं. यस्लरला एका ड्यूवामिश म्होरक्याच्या मुलीपासून ज्यूलिया नावाची मुलगी झाली, १८५५ मध्ये. त्याची लग्नाची बायको सेरा तेव्हा ओहायोत होती, ती १८५८ ला आली. आणि मग १८६५ मध्ये गावाने पहिल्याच कायद्यांत एक कायदा केला की मूळ लोकांनी गावाच्या हद्दीत राहायचं नाही, कामाला असतील तर मालकाने जागा द्यावी. गिरणीला हात हवे होते, शेजार नको होता. १८६६ ला ड्यूवामिश लोकांसाठी वेगळी राखीव जमीन देण्याचं घाटत होतं तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनी विरोधात अर्ज केला आणि ते बारगळलं. ड्यूवामिश टोळीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता आजही नाही. ज्यांच्या म्होरक्याचं नाव शहराने घेतलं त्यांना.

अबोली

वाचून गलबलून आलं. म्हणजे रोज सकाळी गिरणीचा भोंगा वाजल्यावर जे लोक यायचे त्यांचंच गावात नाव नाही.

कुकहाऊस

माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल मी का आलोय :) गिरणीच्या शेजारी जेवणघर होतं, ओंडक्यांचं. फळ्या पाडणाऱ्या गिरणीचं जेवणघर अख्ख्या ओंडक्यांचं, कारण ते बांधलं तेव्हा फळीच नव्हती! पंचवीस फुटांच्या आसपास लांबी-रुंदी, आणि त्यात सगळं व्हायचं. कामगारांचं जेवण, उतरलेल्या खलाशांचा मुक्काम, कोर्ट, चर्चचं प्रवचन, गावसभा, निवडणूक. आपल्याकडे चावडी, देऊळ आणि खानावळ एकाच छपराखाली आणली तर कसं होईल तसं. १८६६ मध्ये ते पाडलं. फोटोत बघितलं तर अगदी साधी झोपडी आहे पण मला गिरणीपेक्षा तीच जास्त जवळची वाटते.

अजून एक. गिरणी स्वतः फार मोठी कधीच नव्हती. सप्टेंबर १८५३ मध्येच पलीकडे पोर्ट गॅम्बलला पोप आणि टॅलबॉट यांची गिरणी सुरू झाली, मेन राज्यातून आलेले लोक, भांडवल मोठं, विक्रीचा अड्डा सॅन फ्रान्सिस्कोत. ती थेट १९९५ पर्यंत चालली. यस्लर त्यांच्यापुढे धंद्यात कधी उभा राहू शकला नाही, तो कर्जात असायचा, १८७६ ला मालमत्तेची लॉटरीसुद्धा काढली त्याने. दोनदा महापौर झाला, १८७४ ला आणि १८८५ ला. श्रीमंत झाला तो लाकडावर नाही, त्या पट्टीच्या जमिनीवर, गाव वाढलं आणि पट्टी नेमकी मधोमध आली म्हणून.

वाफकाका

तरी पोर्ट गॅम्बल गावच राहिलं आणि सिअ‍ॅटल शहर झालं. मोठ्या कंपनीच्या गिरणीभोवती गाव कंपनीचंच असतं, घरं कंपनीची, दुकान कंपनीचं. यस्लरची गिरणी लहान, मालक हिशोबात ढिला, त्यामुळे आजूबाजूला दुसऱ्यांना जागा मिळाली. मी कारखान्याच्या कॉलनीत राहिलोय, मला हा फरक चांगला माहितीये.

पानगळ

सॉ मिल आणि भारतीय हा संबंध कुणी काढला नाही अजून. वॉशिंग्टन राज्यातच, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम आहे. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री तिथे गोऱ्या कामगारांच्या जमावाने सॉ मिलमध्ये काम करणाऱ्या पंजाबी लोकांना खोल्यांतून ओढून मारहाण करून गावाबाहेर हाकललं. बहुतेक शीख होते तरी पेपरात त्यांना सरसकट "हिंदू" लिहायचे. दोन-चार दिवसांत गावात एकही भारतीय उरला नाही. यस्लरच्या गिरणीपासून पन्नास-पंचावन्न वर्षं झाली होती आणि तीच गोष्ट पुन्हा, कामाला हात हवे, शेजार नको.

आणि याच गिरण्यांतून गदर, म्हणजे इंग्रजांविरुद्धची क्रांतिकारक चळवळ, उभा राहिला. गदर पार्टीचे पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः शेजारच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या सॉ मिलमध्ये ओंडके उचलायचे. आपले विदर्भातले पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकायला त्याच भागात होते, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात, आणि पोर्टलंडकडच्या गिरणी कामगारांत मिसळून संघटना बांधण्यात त्यांचा हात होता. १९१३ ला पार्टी झाली आणि 'गदर' पेपर निघाला तो या कामगारांच्या वर्गणीवर. मराठी माणसाचा त्या भुश्याशी संबंध आहे तो असा.

वखारीतलं पोर

खानखोज्यांचं हे माहीतच नव्हतं!! मला ते फक्त मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे म्हणून माहीत होते. यावर वेगळा धागा काढ पानगळताई, प्लीज.

बाय द वे भुश्यावरून आठवलं, बॉयलरला घालून उरलेला भुसा जायचा कुठे? आमच्याकडे बंबाला, भुश्याच्या शेगडीला न्यायचे लोक.

पाऊसवेडा

पोरा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू विचारलास. उरलेला भुसा भरावाला गेला. तेव्हा किनारा जवळपास आजच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूपाशी होता आणि मागे भरतीचं पाणी शिरणारी दलदल होती. गिरणी वर्षानुवर्षं त्यात भुसा आणि ढलपे ओतत राहिली. त्यावर रस्ते झाले, त्यावर लाकडी घरं, दुकानं. भुसा कुजतो, दबतो, जमीन खचते, रस्त्यात डबकी.

मग ६ जून १८८९. एका सुताराच्या दुकानात सरस तापवताना आग लागली, दुपारी अडीचच्या सुमाराला. घरं लाकडाची, फूटपाथ लाकडाचे, धक्के लाकडाचे, पाण्याचे पाइपसुद्धा कोरलेल्या ओंडक्यांचे, आणि ओहोटी होती त्यामुळे समुद्राचं पाणी पंपाला पुरेना. रात्रीपर्यंत गावाचा जवळजवळ सगळा धंद्याचा भाग जळून गेला. सॅन फ्रान्सिस्को जळत होतं म्हणून हे गाव झालं होतं, आणि अडतीस वर्षांनी हेही तसंच जळालं. नंतर विटांची घरं बांधायचा नियम झाला आणि रस्ते एक मजला उंच केले, जुने फूटपाथ खाली गाडले गेले, ते आज तिकीट काढून बघता येतात. यस्लर १८९२ च्या डिसेंबरात गेला.

अबोली

माझा मुलगा पुढच्या महिन्यात कामासाठी सिअ‍ॅटलला जातोय. गिरणीचं काही बघायला उरलंय का? त्याला काय सांगू?

पाऊसवेडा

ताई, गिरणीचं काहीच नाही. त्याला सांगा पायोनियर स्क्वेअरमध्ये फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू आणि यस्लर वे च्या चौकात उभं राहायचं, उत्तरेकडे तोंड करून. समोर रस्ता डावीकडे मोडलेला दिसेल. उजव्या हाताला चढ, तिकडे जंगल होतं. डाव्या हाताला उतार, तिकडे जहाज. आणि पायाखाली डांबर, विटा, माती, आणि त्याच्या खाली अजून भुसा आहे, तिथे आजही खोदकाम केलं की निघतो. जमलं तर मला मेसेज करायला सांगा, दुपारी एकला मी तिथूनच खाली जातो.